घराचं खाली वजन

भाडं आपणहून कमी करणारा घरमालक कोणी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. अकरा वर्षं त्यांच्या माडीवर राहिली मी, इथंच रायपुरात, तात्यापाऱ्यात. महिन्याच्या पाच तारखेला मी भाडं घेऊन खाली जायची, ते चष्मा कपाळावर चढवून नोटा मोजायचे, आणि मग त्यातलेच काही रुपये बाजूला काढून मला परत द्यायचे. सोबत एक चिठ्ठी. 'वहिनींचे गव्हाचे दळण, बाहेरच्या चक्कीवर, चौदा किलो. जाणे-येणे पायी, दोन खेपा.' खाली सही. समोर उभ्या असलेल्या भाडेकरणीला सही करून चिठ्ठी देणारा माणूस! मी हसायची. ते हसायचे नाहीत.

नाव नाही लिहीत मी त्यांचं. सारा पारा, म्हणजे अख्खा मोहल्ला, त्यांना काकाजी म्हणायचा, मीही तेच म्हणते. आमच्यासारखेच तेही विदर्भाकडचे. वडील रेल्वेच्या नोकरीपायी इकडं आले आणि इथलेच होऊन गेले. माडी पाहायला आम्ही गेलो त्या दिवशी जयभीम झाला, पाणी झालं, आणि काकाजींनी पहिला प्रश्न काय विचारावा? "गहू किती लागतो तुम्हाले महिन्याचा?"

आमच्या ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी ह्यांच्याकडं. भाडं सांगायचं सोडून हा माणूस गहू काहून विचारतो?

मग काकू, म्हणजे त्यांची बायको, आतून आल्या आणि त्यांनी सांगितलं. त्यांच्या मुलीला, सुजूला, गहू चालत नव्हता. म्हणजे आवडत नव्हता असं नाही. पोटात गेला की आतड्याला इजा करायचा. पोळी नाही, बिस्किट नाही, रवा-मैदा नाही, शेवया नाही. इतकंच काय, डब्यातला हिंगही नाही, कारण त्यात मैदा मिसळलेला असतो. ज्या चक्कीत गहू दळला त्या चक्कीतलं तांदळाचं पीठसुद्धा नाही. आणि माझ्याकडं तर घरघंटी होती, घरात ठेवायची छोटी विजेची चक्की, ह्यांच्या बोनसमधून घेतलेली. सामानात ती दिसली आणि काकाजी जिन्यातच बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "ह्या चक्कीत कधी गहू टाकला?"

"नाही जी, नवीनच आहे. अजून पॅकिंग काढलं नाही."

"मग नका टाकू. कधीच नका टाकू. सुजूची ज्वारी न् तांदूळ तुम्ही दळून द्या. तुमच्या गव्हाचं बाहेरचं दळण मी भाड्यातून वळतं करतो."

मी म्हटलं, काकाजी, पैशाचं काय त्यात, आपलीच पोट्टी आहे. तर म्हणाले, "फुकटचं एक दिवस चालते, वहिनी. मग हात चुकते." तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, खरंच बोलले.

काकाजींची सारी नोकरी भनपुरीच्या एका धर्मकाट्यावर गेली. धर्मकाटा म्हणजे ट्रक तोलायचा काटा. जमिनीत मोठा लोखंडी फळा बसवलेला असतो, त्यावर ट्रक चढवायचा. आधी भरलेला तोलायचा, माल उतरवून आला की रिकामा तोलायचा, आणि एकातून दुसरं वजा. पर्चीवर तीनच ओळी: भरी, खाली, नेट. ट्रकवाले मोठे हुशार. भरलेला ट्रक तोलताना ड्रायव्हर-क्लीनर आत बसून राहायचे, आणि रिकामा तोलताना उतरून चहा प्यायला जायचे. झालं, दोन माणसांचं वजन मालाच्या भावात विकलं गेलं! काकाजी टपरीवर जाऊन त्यांना मनगटाला धरून आणायचे आणि पुन्हा आत बसवायचे. "बैठ भैया, चाय बाद में." त्यापायी शिव्याही खाल्ल्या, एकदा मारही खाल्ला. "भरी तर कोणीही सांगते," ते म्हणायचे. "खाली सांग. खाली समजल्याबिगर काहीच समजत नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं की काकू भाजीवालीशी घासाघीस करायला लागल्या की पाऱ्यातल्या बाया आधीच म्हणायच्या, "खाली सांग वं बाई, खाली!" माणूस तिरसट नव्हता बरं का. गॅसचं सिलिंडर आलं की तोलायचे, दूधवाल्याची कॅन तोलायचे, पण मला ताप येऊन गेला तेव्हा दारातून नुसतं पाहून म्हणाले, "वहिनी, दोन किलोनं उतरल्या तुम्ही. सुजूच्या आईले पेज पाठवाले सांगतो." आणि दोन्ही वेळची पेज आली, आठ दिवस. तीही मोजून, भांडं तेच, रेघ तीच.

सुजू त्यांना फार उशिरा झालेली. अकरा वर्षांची होईपर्यंत तिचं पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे. कोणी म्हणे जंत, कोणी म्हणे टीबी. टॉनिकं झाली, तपासण्या झाल्या, आणि अशक्त पोरगी म्हणून घरात तिला तूप लावून जास्तीची पोळी वाढायचे. शेवटी मोठ्या दवाखान्यात नळी घालून पाहिलं तेव्हा डॉक्टरांनी गव्हाचं सांगितलं. जन्मभराचं. काकू सांगायच्या, रिक्षात बसून घरी येईपर्यंत काकाजी एकच वाक्य बोलले: "आपणच चारत होतो नं पोट्टीले, रोज."

त्या दिवशी त्यांनी घरातला गव्हाचा कोठा रिकामा केला. स्वतःही पोळी सोडली, काकूंनाही सोडायला लावली.

लोकांना काय, लोक बोलतात. "छत्तीसगडात राहता नं काकाजी? इथं तर सगळे भातच खातात. तांदळाचा चिला खा, फरा खा. बिनखर्चाचा आजार आहे हा." हे ऐकलं की काकाजींच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. बिनखर्चाचा! मग ते बसवून घ्यायचे त्या माणसाला. नागपूरच्या डॉक्टरकडं सहा महिन्यांनी जायचं, त्याचं तिकीट सांगायचे. रक्त तपासायचं, त्याचं सांगायचे. वेगळा तवा, वेगळं पोळपाट, वेगळी चाळणी. पाकिटातलं 'बिनगव्हाचं' बिस्किट केवढ्याचं आणि साधं केवढ्याचं, तो फरक सांगायचे. समोरचा माणूस घड्याळ पाहायला लागायचा.

एकदा आमच्या नात्यातल्या लग्नाला आम्ही सगळे गेलो. काकाजी सरळ मांडवामागं आचाऱ्याकडं. "कढ़ी में क्या डाला? हींग कौन-सा है? डब्बा दिखाओ." आचारी वैतागला. वधूचा मामा आला, म्हणाला, "काकाजी, लगीन आहे हे, दवाखाना नाही. जेवा नं गुपचूप." सगळे हसले. सुजू पंधराची असेल तेव्हा, मान खाली घालून खुर्चीवर बसली होती, नवीन ड्रेस घालून. घरी आल्यावर काकाजींनी लिहिलं ते मी वाचलं: 'आहेर इतका. ऑटो इतका. ड्रेस इतका. सुजू जेवली: केळे एक.'

वही होती ती. जाड, लाल पाठीची. घरात सुजूच्या पथ्यापायी जे जे जास्तीचं लागलं ते त्यात. आणि पैशाचंच नाही. शाळेत एका मैत्रिणीनं मायेनं अर्धं बिस्किट खाऊ घातलं आणि सुजू आठ दिवस झोपून होती. तेव्हापासून काकू मधल्या सुट्टीत रोज शाळेत जाऊन बसायला लागल्या. त्या बालवाडीत शिकवायच्या, ती नोकरी सुटली. वहीत नवीन रकाना आला: 'सुजूच्या आईचे तास.' काकू माझ्यासमोर म्हणाल्या, "माझे तास लिहून राहिले तुम्ही, पण कोणाले विकणार ते?"

"सरकारले," काकाजी म्हणाले. अगदी शांतपणे.

त्यांच्या मनात काय होतं ते तेव्हा कळलं. आंधळ्याला मिळतं, लंगड्याला मिळतं, टीबीवाल्याला महिन्याचे काही मिळतात. मग ह्या पोरांना काहून नाही? कारण ह्यांचं ओझं कोणी तोललंच नाही. एकट्या सुजूचं नाही म्हणायचे ते. दवाखान्याच्या बाकावर त्यांना अशी चार-पाच पोरं भेटली होती. एकाची आई धुणीभांडी करायची, ती पोराला गुपचूप पोळीच द्यायची, दुसरं आणणार कुठून? "त्या बाईले लिहिता येत नाही, वहिनी. मले येते. मी एक घर नीट तोलून देतो. मग बाकीचे त्यावरून."

वही घेऊन ते एका सरकारी कचेरीत गेले. तिथला बाबू चांगला होता म्हणे. पानं उलटली त्यानं. मग म्हणाला, "काका, खाना तो सब खाते हैं. आपकी बच्ची बीमार ना होती तो भी खाती. बीमारी का अलग से कितना लगा, वो कैसे पता चलेगा?"

दुसरा कोणी असता तर चिडला असता. काकाजी घरी आले ते हरखून. जिन्यातूनच हाक मारली, "वहिनी! बाबू बरोबर बोलला! मी सारी भरीच लिहिली. खाली घेतलीच नाही!"

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "हव, बरोबर." आणि भाजी चिरत राहिली.

सुजूची बारावीची परीक्षा संपली त्या आठवड्यातली गोष्ट. मी दळलेल्या पिठाचा डबा द्यायला खाली गेली, तर घरात तिघंही उभे. सुजूची बॅग भरून दाराशी.

"कुठं निघाली गं?" मी विचारलं.

"मौसी के यहाँ. गोंदिया," सुजू म्हणाली. घरात सगळे मराठी बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. इथली सगळीच पोरं तशी. "पापा भेज रहे हैं. एक महीना. क्यूँ, वो उन्हीं से पूछो."

काकू हळूच म्हणाल्या, "सुट्ट्या आहेत नं, म्हणून." मला खूण केली, बोलू नका.

पण काकाजींना खोटं बोलता यायचं नाही. म्हणजे जमायचंच नाही, जसं काही लोकांना शिट्टी वाजवता येत नाही तसं. ते म्हणाले, "सुट्ट्यांचं नाही बेटा. तुझ्याविना घराचं वजन घ्यायचं आहे. एक महिना. मग भरीतून वजा केलं की तुझ्या आजाराचं नेट निघते."

काकूंनी कपाळावर हात मारला. "पोट्टीले तोंडावर सांगते काय हे कोणी? बाप आहे का मुनीम?"

"त्यात काय लपवाचं? तिच्याच कामाचं आहे."

सुजू बापाकडं पाहत होती. "मतलब मैं माल हूँ," ती म्हणाली.

"माल नाही बेटा, तू..." काकाजी अडकले. त्यांना खरंच शब्द शोधावा लागत होता, आणि तो सापडेना.

आता माझं सांगते. तिथं मी काय केलं ते लपवून काय उपयोग. हवा गढूळ झाली की हसून टाकायची माझी सवय. मी म्हटलं, "जा गं बाई, जा. महिनाभर तुझ्या बाबाले गरम पोळी तरी खाऊ दे!" कोणी हसलं नाही. सुजूनं माझ्या हातातून पिठाचा डबा घेतला, बॅगेत ठेवला, आणि चपला घातल्या. ते वाक्य मी परत घेऊ शकली असती तर आज हे लिहायला बसली नसती कदाचित.

तो महिना काकाजींनी मन लावून तोलला. काकूंना महिनाभर बालवाडीत बदलीवर पाठवलं. बाजारातून गहू आणला, बाहेरच्या चक्कीवर दळला. सहा वर्षांनी त्या घरात पोळ्या झाल्या. वास वर माडीवर आला. संध्याकाळी काकू जिन्यात येऊन बसल्या, पदरात तोंड खुपसून. मी म्हटलं, काय झालं? म्हणाल्या, "चार-चार खाल्ल्या वं आम्ही. अन् मले चांगल्या लागल्या नं त्या."

महिना संपला. आकडा निघाला. तो मी सांगत नाही, त्यांच्या घरचा आहे. एवढं सांगते की घरखर्चाचा तिसरा हिस्सा जवळजवळ. काकाजींनी तो धर्मकाट्याच्या जुन्या कोऱ्या पर्चीवर लिहिला, भरी, खाली, नेट, सही केली, आणि सकाळच्या गाडीनं पोरीला आणायला गोंदियाला गेले.

संध्याकाळी एकटेच परत आले.

मी ओट्यावरच होती. "सुजू कुठं आहे?"

"राहिली."

"राहिली म्हणजे?"

ते ओट्यावर बसले. पायातली चप्पल काढली नाही. मग जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण माझे शब्द घातले तर मी त्यांना झाकून घेईन.

"पोहोचल्यावर तिनं पहिलं विचारलं, पापा, कितना निकला? मी पर्ची दाखवली. तिनं पाहिली. वापस दिली. म्हणे, आप ही देखो, मेरे बिना घर अच्छा चल रहा है."

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"मी म्हटलं, हव, आकडा तर तेच म्हणते."

"काकाजी!"

"खोटं कसं बोलू, वहिनी? पर्ची तर खरी होती."

"अहो, तुम्ही म्हणायचं नं, चल बेटा घरी!"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं जसं मी काही वेड्यासारखंच बोलली. "ते तर ठरलेलंच होतं. तिलेच तर आणाले गेलो होतो. ते काय सांगायचं असते?"

आतून काकू बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या इतकंच म्हणाल्या, "ट्रकवाल्याले खाली उतरू देत नव्हते तुम्ही. अन् पोरीले उतरवून वजन घेतलं." आणि आत जाऊन सामान बांधायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गोंदियाला गेल्या, आणि बरं झालं गेल्या. सुजूनं मावशीच्या घरी सांगून टाकलं होतं की आता बरी झाली, सगळं चालतं. माझ्या पिठाचा डबा बॅगेतून बाहेर काढलाच नव्हता तिनं. महिनाभर सगळ्यांसोबत सगळ्यांच्या पोळ्या खात होती, म्हणजे तिथं तरी कोणाला तिचं जास्तीचं लागू नये. वजन पार उतरलं होतं, आणि दारातून पाहून माझे दोन किलो सांगणाऱ्या बापाला त्या दिवशी पर्चीपुढं ते दिसलंच नव्हतं. दीड महिना दवाखाना झाला. काकू दोन वर्षं तिकडंच राहिल्या. सुजू बरी झाली तशी एका औषधाच्या दुकानात बिलं करायला लागली, खोली घेतली, आणि तिथलीच झाली.

काकाजी एकदा पर्ची आणि वही घेऊन पुन्हा त्या कचेरीत गेले होते. मीच म्हटलं होतं, निदान त्या बाकीच्या पोरांच्या कामी येईल. त्याच बाबूनं सगळं वाचलं. "बहुत बढ़िया बनाया है, काका. ऐसा तो किसी ने नहीं किया." मग विचारलं, "लड़की रहती कहाँ है?"

"गोंदिया."

"वो तो महाराष्ट्र हो गया. अर्जी उधर लगेगी."

हे सांगताना काकाजी पहिल्यांदा हसले. तसं हसू मी नंतर कोणाच्या तोंडावर पाहिलं नाही, आणि पाहू नये.

वही त्यानंतर बंद. सिलिंडर तोलणं बंद. दूधवाला खुश. फक्त माझ्या भाड्यातली वजावट चालू होती. एकदा मी म्हटलं, "काकाजी, आता सुजू इथं नसते. मी गहू घरीच दळून घेत जाईन नं."

"नाही, नाही." एकदम उठून उभे राहिले. "चक्की तशीच राहू द्या. ती आली तर?"

ती यायची. वर्षातून एकदा, बुद्धपौर्णिमेला. विहारात तांदळाची खीर असायची, लोकांमध्ये बसून निर्धास्त खाता येईल अशी तेवढीच एक गोष्ट तिच्यासाठी. दोन दिवस राहायची. पीठ आपलं आणायची, तवाही आपला, आणि जाताना घासून पुसून पिशवीत घालून घेऊन जायची. मी दळून ठेवलेलं पीठ पाहून मला म्हणायची, "रहने दो काकू, मेरा है." बापाशी बोलायची, नाही असं नाही. तब्येत कशी, गाडी वेळेवर होती का. पाहुण्यासारखं. काकाजी तिच्या ताटाकडं पाहत बसायचे. दोन दिवस त्यांच्या तोंडून आकडा निघायचा नाही, आणि आकड्याशिवाय त्यांना दुसरं बोलता यायचं नाही.

काहींना वाटेल, पोरीनं फार ताणलं. मीही एकदा तिला म्हटलं, बाप आहे, मनात वाईट नव्हतं त्याच्या. ती म्हणाली, "मालूम है, काकू. बुरा होता तो लौट आती, लड़ लेती. सच बोला उन्होंने. सच से कैसे लड़ूँ?"

आम्ही मग मुलाच्या फ्लॅटवर, रायपुरातच तेलीबांध्याला, राहायला आलो. घरघंटी मी तिथंच ठेवली, काकूंच्या हवाली करून. काकू तोवर परत आल्या होत्या, पण गुडघ्यांनी पार बसल्या होत्या. आणि काकाजींच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ नाही, डाळ नाही, केळ नाही, पाणी दिवसाचं एवढंच, भाजी उकळून पाणी फेकून द्यायची. तेव्हा सुजू आली, न बोलावता. दुकानातून बिनपगारी सुटी घेऊन आली, आणि राहिली. त्यातच ते गेले, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कोणी आशा धरू नये.

जायच्या दहा-बारा दिवस आधी मी भेटायला गेली. दुपारची वेळ. स्वयंपाकघरात दोन चुली पेटलेल्या, एकीवर बापाचं अळणी, दुसरीवर पोरीचं बिनगव्हाचं. काकू बाजूच्या खोलीत निजलेल्या. काकाजी लोडाला टेकून बसले होते. अंगावर काही उरलं नव्हतं. सुजू पेजेची वाटी घेऊन पलंगाच्या काठावर बसली. गोंदियाला इतकी वर्षं काढून मराठी चांगली झाली होती तिची.

"किती दिवस झाले तुले येऊन?" काकाजींनी विचारलं. आवाज अगदी खोल गेलेला.

"झाले काही."

"पगार कापत असतील."

"कापतात."

"तिकडच्या खोलीचं भाडं?"

"चालूच आहे. तुम्ही तोंड उघडा."

त्यांनी उघडलं नाही. "दोन-दोन स्वयंपाक. भाज्यांचं पाणी फेकतेस. सुया, गोळ्या, गाडी. माझ्यापायी किती होऊन राहिला खर्च?"

"मोजला नाही, बाबा."

मला वाटलं, आता ह्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येईल. तसं काही झालं नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली, अगदी जुनी, काट्यावरची. "असं कसं? मोजाले पाहिजे. नाही तर झेपते का नाही, कसं समजणार तुले?"

सुजूनं पेज ढवळली. फुंकर घातली. घाई नव्हती तिला.

"झेपत नाही, बाबा," ती म्हणाली. "तरी आली."

काकाजी तिच्याकडं पाहत राहिले. त्यांचे ओठ हलले, काहीतरी जुळवत होते मनात, आणि ते काही जुळेना. मला तिथं बसवेना, पण उठलीही नाही. मग त्यांनी तोंड उघडलं. तिनं चमचा दिला. एकामागून एक. पेज अळणी होती, त्यांनी सगळी संपवली.